फरकाचा रकाना

आमच्या ताईला घराचा पत्ता विचारला की ती आधी उंची सांगते. सहाशे सत्तावीस मीटर, समुद्रापासून. समुद्र तिने आयुष्यात पाहिलेला नाही, पण जगातलं सगळं ती तिथूनच मोजते. मीठ कुठे आहे विचारलं तर म्हणते, साडेअठ्ठावीसच्या फळीवर. शेजारच्या बाई जरा तोऱ्यात असतात. त्यांचा विषय निघाला की ही शांतपणे म्हणते, "नाक असू दे कितीही वर. जोतं आपल्यापेक्षा दीड मीटर खाली आहे." आणि पुन्हा भाजी निवडायला लागते.

तिचं काम तळ्याची पातळी वाचायचं. डोंगरातलं जुनं तळं, त्याच्या काठाला दोन खोल्यांचं सरकारी घर, घरापासून दोनशे पावलं आणि चोवीस पायऱ्या उतरलं की पाण्यात उभी असलेली मोजपट्टी. पांढऱ्यावर काळे आकडे. पाणी ज्या आकड्याला टेकलं असेल तो नोंदवहीत लिहायचा. एवढंच काम, आणि ते रोज. एकदा आमचे एक पाहुणे नोंदवही चाळताना दचकले. "सहाशे तेवीस मीटर? इतकं खोल आहे हे?" ताई म्हणाली, "खोल नाही, उंच. समुद्रापासून. बुडायला पाच मीटर पुरतात." पाहुणे त्यानंतर दोन दिवस होते, पण काठाकडे फिरकले नाहीत.

वारा असला की पाणी पट्टीवर खालीवर होतं. मग ताई तीन लाटा जाऊ देते, वरचा आकडा बघते, खालचा बघते आणि मधला धरते. मी तिच्याबरोबर कितीदा तरी त्या शेवटच्या पायरीवर उभी राहिले आहे. सकाळी धुक्यात समोरचा काठ नसतोच. पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते कळत नाही, फक्त ती पट्टी आणि तिच्यावरचे आकडे. तिथे उभं राहिलं की झोपेतच असल्यासारखं वाटतं. ताई त्या वेळी बोलायची नाही. मी बोलले तर माझ्या दंडाला धरायची, जणू माझ्या आवाजाने पाणी हललं असतं.

हे काम आधी भावजींचं होतं. ते आजारपणात गेले आणि त्यांच्या जागी ताईला घेतलं. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि मी एकोणीसची. तिच्या सोबतीला म्हणून आईने मला वर पाठवलं, ती मी वर्षभर राहिले. सोबत कसली, ती पहाटे उठून सगळं आवरायची आणि मी बहुतेक दिवशी आठपर्यंत लोळायचे.

आठ वाजता मात्र जाग यायचीच, कारण आठला फोन. डोंगराखाली, रस्त्याने अकरा किलोमीटरवर, मोठं धरण आहे. आमच्या तळ्यातून सुटलेला ओढा तिथे जातो आणि तिथलं पाणी शहराला. तिथेही एक पट्टी आणि एक वाचक. रोज आठ वाजता दोघांनी एकमेकांना आपापला आकडा सांगायचा. दोघांनीही दोन्ही आकडे आपल्या नोंदवहीत लिहायचे आणि तिसऱ्या रकान्यात वजाबाकी करून फरक. ऐकताना एखादा आकडा चुकला तर फरकात पकडला जावा म्हणून कुणा जुन्या साहेबाने तो रकाना आखून दिला होता. साहेब गेले, रकाना राहिला.

"वरचं?"

"सहाशे तेवीस, एक्केचाळीस."

"लिहिलं. खालचं पाचशे बासष्ट, शून्य आठ."

"लिहिलं."

कधी एखादं वाक्य जास्तीचं. इकडे धुकं आहे. इकडे अजून ऊन आलं नाही. फोन ठेवला. ताई त्यांना 'खालचे' म्हणायची आणि ते तिला 'वरच्या ताई'. बावीस वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही. मी एकदा विचारलं, "कसे असतील गं दिसायला?" तर म्हणाली, "बुटके असतील. आवाजावरून." मी म्हटलं, "घरी कोण कोण आहे त्यांच्या?" तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तळ्यात चप्पल टाकली. "लाइन कामाची आहे," ती म्हणाली.

पण तिच्या डोक्यात ते धरण कायम असायचं. आमच्या ओट्यावरून स्वच्छ दिवशी ते खाली लांबवर चकाकताना दिसतं, कापडाच्या काठासारखं. ताई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "आत्ता त्यांच्याकडे ऊन पोचलं असेल." साडेअकराला घड्याळाकडे बघून म्हणायची, "आपलं आठचं पाणी आत्ता त्यांच्या पट्टीशी आलं." मला हसू यायचं. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. पाणी इथून निघतं, साडेतीन तास वळणं घेत उतरतं आणि एकसष्ट मीटर खाली कुणीतरी ते मोजतं, याचा तिला फार आधार होता. ती असं कधी म्हणाली नाही. मला आपलं आता कळतं.

गेल्या वर्षी कार्यालयाचं पत्र आलं. दोन्हीकडे यंत्र बसणार, आकडे आपोआप जाणार. त्याआधी दोघांच्या सगळ्या नोंदवह्या खालच्या कार्यालयात आणून एकमेकींशी ताडून बघायच्या आणि संगणकात घालायच्या. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: ज्या वाचकाच्या नोंदीत प्रत्यक्ष न वाचलेला एकही आकडा आढळेल, त्याच्या सर्व वह्यांवर 'अंदाजे' असा शिक्का मारण्यात येईल.

ताईने मला बोलावून घेतलं. मी आता शहरात शिवणकाम करते, हातातली कामं टाकून गेले. मला वाटलं, यंत्र येणार म्हणून वाईट वाटत असेल. तिने पत्र पुढे ठेवलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "माझ्या वहीत एक आहे."

मग तिने सांगितलं. पहिल्याच वर्षातली गोष्ट. मी त्या घरात होते, त्या दिवशीही होते, आणि मला पत्ता नव्हता. रात्री अवेळी पाऊस झाला होता. सकाळी आभाळ अजून भरलेलं होतं, म्हणून पट्टीकडे जायला तिने खुंटीवरचा भावजींचा रेनकोट काढला. तो इतके महिने कुणी हलवला नव्हता. खिशात हात घातला तर पेन्सिलचा तुकडा. आकडा विसरू नये म्हणून ते तो जवळ ठेवायचे, मागच्या टोकाला दातांच्या खुणा. ताई तो घेऊन कॉटवर बसली. आठ वाजले. चोवीस पायऱ्या उतरायला पाय निघेनात. फोन वाजला आणि तिने कालचाच आकडा सांगितला. सहाशे तेवीस, एक्केचाळीस.

"म्हणाले, लिहिलं. मी पण लिहिलं. आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले."

"एकच दिवस ना?" मी म्हटलं.

"एकच."

"मग कुणाला कळणार आहे? तू सांगितलेलाच आकडा त्यांनी लिहिला असणार. दोन्ही वह्या जुळतील."

"रात्रभर पाऊस झाला होता," ताई म्हणाली. "खाली ओढा गढूळ गेला असेल. ज्याला वाचता येतं त्याला कळतं. त्यांनी शेऱ्यात काही लिहून ठेवलं असलं तर?"

शिक्का बसला तरी तिची नोकरी जाणार नव्हती, पैसे कापले जाणार नव्हते. हे मी तिला तीनदा समजावलं. ती ऐकत होती, पण तिला ते लागू पडत नव्हतं. आठ हजार सकाळी ती पायऱ्या उतरली होती. तापात उतरली, गारठ्यात उतरली, आमच्या आईला नेलं त्या दिवशी आधी उतरली आणि मग रडली. त्या सगळ्या सकाळींवर कुणीतरी 'अंदाजे' लिहिणार. मला वाटलं, हिला माझ्या मांडीवर घेऊन थोपटावं. पण मोठ्या बहिणीला असं थोपटता येत नाही. मी चहा केला.

वह्या ताडायच्या दिवशी आम्ही दोघी दोन पिशव्या घेऊन बसने उतरलो. ताई खिडकीतून बघत होती आणि मधूनच उंची सांगत होती. सहाशे. पाचशे नव्वद. कानांना दडे बसले, असं तिचं म्हणणं होतं. इतक्या खाली ती क्वचितच यायची. वळणावळणाला धरण मोठं होत गेलं, आणि शेवटच्या वळणावर नुसतं पाणीच पाणी, आकाशाच्या रंगाचं. ताई म्हणाली, "केवढं आहे गं." मग स्वतःला सावरून म्हणाली, "पण खाली आहे."

कार्यालयाची खोली लांबट होती. एका भिंतीला लोखंडी कपाटं, मध्ये मोठं टेबल, टेबलावर संगणक, शाईची गादी आणि तो शिक्का. इंजिनिअर मॅडम पंचविशीतल्या, चष्मा डोक्यावर सारलेल्या, बोलायला मोकळ्या. आणि खिडकीपाशी एक उंच गृहस्थ उभे होते, इतके उंच की खिडकीची वरची चौकट त्यांच्या कपाळाला लागत होती. केस सगळे पांढरे. ते वळले आणि म्हणाले, "या, वरच्या ताई."

तोच आवाज. ताईने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, अगदी पट्टी वाचावी तसं. "तुम्ही उंच आहात," ती म्हणाली.

काम सुरू झालं. मॅडमचे दोन कारकून आकडे वाचून दाखवत होते, त्या संगणकात घालत होत्या. वर, खाली, फरक. वर, खाली, फरक. पंखा फिरत होता, खिडकीतून पाण्याचा उजेड येऊन छतावर हलत होता. ते आकडे ऐकता ऐकता मला गुंगी आल्यासारखं झालं. वाटलं, बावीस वर्षांच्या सकाळी एकामागून एक या खोलीतून चालत जात आहेत, कुणी भिजलेली, कुणी धुक्यातली, आणि प्रत्येक सकाळ दारात आपला आकडा सांगते. ताई मात्र ताठ बसली होती. तिचे दोन्ही हात पिशवीच्या बंदात गुंतले होते.

ते पान आलं. कारकून ताईच्या वहीतून वाचत गेला, दुसरा खालच्यांच्या वहीतून. वर, सहाशे तेवीस एक्केचाळीस. जुळलं. खाली, पाचशे बासष्ट शून्य आठ. जुळलं. शेऱ्याचा रकाना कोरा. ताईने श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "फरक जुळत नाही. मावशींचा एकसष्ट तेहतीस. काकांचा एकसष्ट पासष्ट." त्यांनी वजाबाकी करून बघितली आणि हसल्या. "मावशी बरोबर आहेत. काका, बावीस वर्षांत एक वजाबाकी चुकलात."

"चुकली असेल," खालचे म्हणाले. "गणित तेव्हापासूनच कच्चं."

"नुसती हिशोबाची चूक आहे, शिक्क्याची गरज नाही. तुमच्या वहीत लाल शाईने दुरुस्त करते. वाचकाची चूक, असा शेरा येईल फक्त."

"करा की," ते म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

मॅडमनी लाल पेन उघडलं. माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं. संपलं, सुटली ताई, आता घरी जायचं. मी तिच्याकडे बघितलं तर ती त्या वहीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. ती बेरीज करत होती. त्यांचा पाण्याचा आकडा, त्यात त्यांचा फरक. पाचशे बासष्ट शून्य आठ अधिक एकसष्ट पासष्ट.

"सहाशे तेवीस, त्र्याहत्तर," ती म्हणाली.

खिडकीपाशी उभे असलेले खालचे वळले नाहीत, पण त्यांची मान जराशी खाली गेली.

"लिहू नका," ताई मॅडमना म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "त्यांची वजाबाकी बरोबर आहे. वरचा आकडा चुकलाय. तो माझा आहे. त्या दिवशी मी पट्टीवर गेलेच नव्हते, कालचाच आकडा सांगितला होता. पाणी बत्तीस सेंटिमीटर चढलं होतं." मग ती त्यांच्याकडे वळली. "पण तुम्हाला कसं कळलं? ओढा गढूळ आला एवढ्यावरून चढलं हे कळेल. बत्तीस कसं कळेल?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, हे खरं आहे का? तुम्ही हा आकडा कुठून आणलात?"

"वरून," ते म्हणाले. "सायकलवर गेलो होतो. दुपारी बाराच्या सुमाराला पोचलो. पट्टी बघितली. पाऊस पहाटेच थांबला होता आणि वरच्या तळ्याचा पाणी सोडायचा दरवाजा बंद होता, म्हणजे आठपासून फार फरक पडला नसणार. परत येऊन, वरचं पाणी सुटलं तर जागा असावी म्हणून, इथला दरवाजा हातभर उघडला आणि वही लिहिली."

"फोन का नाही केला?" ताईने विचारलं.

"केला असता. पण मग तुम्हाला खोटं दुसऱ्यांदा बोलावं लागलं असतं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तुमच्याकडचे गेल्याला वर्षही झालं नव्हतं, ताई. आणि आकडा तर कुठेतरी खरा लिहायलाच हवा होता. मग तो मी फरकात लिहिला."

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीच ना पाणी दिलंत? मी विचारलं, ताई बऱ्या आहेत ना. तुम्ही म्हणालात, झोपल्या आहेत."

आणि मला एकदम सगळं आठवलं. ओट्याला टेकवलेली सायकल, घामाने पाठीला चिकटलेला सदरा, उन्हात उभा असलेला उंच माणूस. मला तो फोनच्या तारा तपासणारा वाटला होता. झोपल्या आहेत म्हटल्यावर तो म्हणाला होता, "झोपू द्या." आणि मी आत जाऊन पुन्हा माझं मासिक उघडून बसले होते.

मॅडम बराच वेळ दोन्ही वह्या बघत होत्या. शिक्का त्यांच्या कोपराशी होता. शेवटी त्या म्हणाल्या, "नियम असा आहे की प्रत्यक्ष न वाचलेला आकडा नको. हा वाचलेला आहे. त्याच दिवशी, त्याच पट्टीवर, वाचकाने." त्यांनी ताईला निळं पेन दिलं. ताईने एक्केचाळीस खोडून त्र्याहत्तर लिहिलं आणि फरक दुरुस्त केला. शेवटचा रकाना वाचकाच्या सहीचा. तिथे बावीस वर्षं वरपासून खालपर्यंत तिचीच सही होती. त्या एका ओळीत तिने आपली सही खोडली आणि वही खालच्यांकडे सरकवली. त्यांनी वाकून सही केली. सही त्यांच्यासारखीच उंच होती, वरच्या ओळीत घुसली.

परत जाताना ताई पुन्हा खिडकीशी बसली. पिशव्या रिकाम्या होत्या, मांडीवर घडी करून ठेवलेल्या. बस चढायला लागली.

"पाचशे ऐंशी," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "इथून चढ उभा आहे. इथे उतरून ढकलत नेली असेल." मग ती रडायला लागली, अजिबात आवाज न करता, खिडकीकडे तोंड करून. मीही रडत होते. मला माझी लाज वाटत होती आणि फार बरंही वाटत होतं. एकवीस वर्षं तिला वाटत होतं की त्या दिवशी आपण एकट्याच भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

सहाशेच्या वळणावर तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली.

"एवढं मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"मला काय माहीत ते कोण होते."

"पाणी कशात दिलंस?"

"पेल्यात."

"एकच?"

"दोन प्यायले."

"बसा म्हणालीस?"

"नाही. उभ्यानेच प्यायले."

तिने मांडीवरच्या पिशव्यांची घडी पुन्हा नीट केली. मला वाटलं, संपलं. बाहेर धुकं उतरत होतं, आणि त्यात वरचं तळं कुठे आहे ते तिला न बघताही ठाऊक होतं.

"चहा तरी विचारायचास गं," ती म्हणाली. "माणूस एकसष्ट पासष्ट चढून आला होता."